फंक्शनच्या कंसापुढचा कंस

मॅटलॅबमध्ये मॅजिक(४) लिहिले की चार ओळी आणि चार स्तंभांचा जादूचा चौरस मिळतो. त्याच्या दुसऱ्या ओळीतला तिसरा आकडा १० आहे. तेवढाच आकडा हवा असेल तर हाताला सहज येणारी ओळ म्हणजे मॅजिक(४)(२,३). ऑक्टेव्हमध्ये ही ओळ चालते आणि १० हे उत्तर येते. मॅटलॅब मात्र ती नाकारतो. आधी म = मॅजिक(४) असे लिहून उत्तराला नाव द्यायचे आणि मग म(२,३) मागायचे, हा तिथला रस्ता. पायथन, आर आणि ज्युलिया या भाषांत फंक्शनने परत केलेल्या अ‍ॅरेला लगेच इंडेक्स लावता येतो. फोरट्रानमध्ये लावता येत नाही. एडा या भाषेचे कंस हुबेहूब फोरट्रानसारखे, तरी तिथे परवानगी आहे.

एवढ्याशा सोयीबद्दल भाषांचे इतके मतभेद का असावेत? वरून पाहता हा विरामचिन्हांचा प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात तीन निराळे प्रश्न आहेत. पहिला व्याकरणाचा: समोरचा कंस फंक्शनचा की अ‍ॅरेचा, हे कसे ओळखायचे? दुसरा मालकीचा: ज्या अ‍ॅरेला नावच नाही तो मेमरीत कुठे राहतो आणि किती वेळ? तिसरा खर्चाचा: एकच आकडा हवा असताना अख्खा अ‍ॅरे का तयार करायचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भाषांनी आपापल्या परीने शोधली आहेत. तिसरा प्रश्न बहुतेक ठिकाणी अजूनही प्रोग्रामरच्याच गळ्यात आहे, आणि वाद मात्र पहिल्यावरच जास्त होतो.

एकाच कंसाची दोन कामे

१९५७ साली आयबीएम ७०४ या संगणकासाठी जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान आणली. पंचकार्डावर मोजकी चिन्हे उमटत. चौकटी कंस त्यांत नव्हते. त्यामुळे अ‍ॅरेचा इंडेक्सही साध्या कंसात आणि फंक्शनची आदानेही साध्या कंसात. मग अबक(३) हा अ‍ॅरे की फंक्शन? पहिल्या फोरट्रानने यावर नावाचाच नियम केला: फंक्शनचे नाव चार ते सात अक्षरांचे आणि शेवटचे अक्षर ‘एफ’. म्हणून तिथे साइन हे ‘साइनएफ’ असे लिहावे लागे, आणि चार किंवा अधिक अक्षरांच्या अ‍ॅरेच्या नावाचा शेवट ‘एफ’ने करायला मनाई होती. पुढच्या आवृत्त्यांत हा नियम गेला, पण साधा कंस दोन्ही कामांना कायम राहिला.

तेव्हा फंक्शन एकच संख्या परत करत असे, त्यामुळे दुसऱ्या कंसाचा प्रश्नच नव्हता. अ‍ॅरे हवा असेल तर सबरूटीन लिहायचे आणि उत्तर ठेवायला बोलावणाऱ्यानेच जागा द्यायची. १९७९चे लिनपॅक आणि १९९२चे लॅपॅक ही रेषीय बीजगणिताची दोन मोठी ग्रंथालये याच शिस्तीत वाढली. लॅपॅकमधल्या समीकरणे सोडवणाऱ्या रूटीनला उजवी बाजू दिली की उत्तर त्याच अ‍ॅरेत परत येते. या परंपरेत बिननावाचा अ‍ॅरे जन्मालाच येत नाही. प्रत्येक अ‍ॅरेला नाव असते, मालक असतो, आणि तो मालक म्हणजे बोलावणारा प्रोग्राम.

फोरट्रान ९०ने फंक्शनला अ‍ॅरे परत करायची मुभा दिली. तोवर दुसऱ्या कंसाची जागा भरलेली होती. फोरट्रान ७७मध्ये नाव(३)(१:२) याचा अर्थ ठरला होता: अक्षरमालांच्या अ‍ॅरेतली तिसरी माला आणि तिची पहिली दोन अक्षरे. त्यामुळे फंक्शनच्या निकालाला थेट इंडेक्स देण्याची वाट बंदच राहिली. फोरट्रान २००३ने ‘असोशिएट’ ही रचना आणून मधला मार्ग काढला. त्यात फंक्शनच्या निकालाला त्या ठोकळ्यापुरते नाव देता येते. व्हेरिएबल वेगळे घोषित करावे लागत नाही, पण नाव चुकत नाही.

अल्गोल ६०ने इंडेक्ससाठी चौकटी कंस वापरले, त्यामुळे संदिग्धता मुळातच मिटली. पण तिथल्या फंक्शनला अ‍ॅरे परत करता येत नसे, म्हणून त्या सोयीचा या बाबतीत उपयोग झाला नाही. अल्गोल ६८ने दोन्ही गोष्टी जुळवल्या आणि फंक्शनच्या हाकेपुढे चौकटी कंस लावायला व्याकरणानेच जागा दिली. पास्कलच्या मूळ व्याख्येत फंक्शन साध्या प्रकारचे मूल्य किंवा पॉइंटर एवढेच परत करू शके. विस्तारित पास्कलच्या प्रमाणात पुढे फंक्शनच्या निकालाला इंडेक्स देण्यासाठी व्याकरणाचा स्वतंत्र नियम आला.

सगळ्यांत बोलका दाखला एडाचा. १९८३च्या एडात अ‍ॅरे आणि फंक्शन दोघांनाही साधाच कंस आहे, आणि तरीही फ(क्ष)(२) चालते. एवढेच नव्हे, फ हे आदान न घेणारे आणि अ‍ॅरे परत करणारे फंक्शन असेल, तर फ(२) म्हणजे त्या अ‍ॅरेतला दुसरा घटक. प्रत्येक नावाचा प्रकार आधी घोषित झालेला असतो, त्यामुळे कंपायलर अर्थ लावतो. दोन अर्थ निघत असतील तर तिथेच चूक दाखवतो. एकच कंस दोन कामांना वापरला म्हणून थेट इंडेक्सिंग अशक्य होते, हे म्हणणे एडापुढे टिकत नाही.

मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह

क्लीव्ह मोलर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात पहिला मॅटलॅब फोरट्रानमध्ये लिहिला. विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता लिनपॅक आणि आइसपॅक वापरता यावे, हा हेतू. त्यात मॅट्रिक्स हा एकमेव डेटाप्रकार होता आणि राखीव शब्द व फंक्शने मिळून ७१ नावे होती. वापरणाऱ्याला स्वतःचे फंक्शन लिहायची सोय नव्हती. १९८४ साली मॅथवर्क्स कंपनी स्थापन झाली आणि भाषा वाढत गेली. कंस मात्र फोरट्रानच्या घराण्यातलेच राहिले.

एडाकडे घोषणा आहेत, मॅटलॅबकडे नाहीत. सम = ५ असे लिहिले की त्या क्षणापासून ‘सम’ हे बेरजेचे फंक्शन झाकले जाते, आणि सम(३) म्हणताच इंडेक्स मर्यादेबाहेर गेल्याची तक्रार येते. मॅटलॅब शिकवणाऱ्या प्रत्येकाला ही चूक ठाऊक असते. फाइलमधून ‘लोड’ केलेली व्हेरिएबल्स चालू असताना अवतरतात, त्यामुळे नुसती ओळ वाचून नावाची जात नेहमीच कळत नाही.

‘एन्ड’ हा शब्द आणखी गुंता करतो. म(एन्ड) म्हणजे म या अ‍ॅरेतला शेवटचा घटक. पण म(मिन(एन्ड,३)) यात ‘एन्ड’ कोणाचा? ‘मिन’ हे फंक्शन आहे म्हणून तो म या अ‍ॅरेचा. ‘मिन’ नावाचे व्हेरिएबल असते तर तो त्याचा झाला असता. म्हणजे एका नावाची जात ठरेपर्यंत दुसऱ्या शब्दाचा अर्थ ठरत नाही. चौकटी कंसांच्या आत रिकाम्या जागेलाही अर्थ आहे: [म(२)] हा एक घटक, तर [म (२)] हे दोन.

यांतले काहीही न सुटणारे नाही. ऑक्टेव्हने ते सोडवले आहे. जॉन ईटन यांनी १९९२च्या सुमारास ऑक्टेव्हवर काम सुरू केले ते रासायनिक अभिक्रियापात्रांच्या रचनेवरील एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून. नावही संगीतातल्या सप्तकावरून आलेले नाही. ते ईटन यांचे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्यावरून ठेवले आहे. ऑक्टेव्हमध्ये फंक्शनच्या निकालापुढे साधा कंस चालतो आणि त्यात ‘एन्ड’ही चालतो. अ(१:३)(२) अशी साखळीसुद्धा चालते. याची दुसरी बाजू आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सहज अनुभवाला येते. घरी मोफत ऑक्टेव्हवर लिहिलेला प्रोग्राम प्रयोगशाळेतल्या मॅटलॅबवर याच एका कंसापाशी अडतो. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प सायलॅबसारखी मुक्त साधने महाविद्यालयांत नेत आला आहे, आणि स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात. दोन-तीन सारख्या दिसणाऱ्या भाषा एकाच वेळी हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला हे बारकावे माहीत असायलाच हवेत.

मॅटलॅब वापरणाऱ्यांनी तोडगे पुष्कळ काढले. ‘सब्सरेफ’ या फंक्शनला निकाल आणि इंडेक्सचे वर्णन द्यायचे, हा एक. दुसरा जास्त सुटसुटीत: अ‍ॅरे आणि इंडेक्स घेऊन घटक परत करणारे एका ओळीचे निनावी फंक्शन लिहून ठेवायचे. दोन्हींत ‘एन्ड’ हातचा जातो, कारण तो इंडेक्सच्या कंसातच कळतो आणि फंक्शनच्या आदानांत त्याला अर्थ उरत नाही. मॅटलॅबनेही आर२०१९बी या आवृत्तीत अर्धे दार उघडले. फंक्शनच्या निकालापुढे टिंब देऊन स्ट्रक्चरचे फील्ड किंवा ऑब्जेक्टचा गुणधर्म घेता येतो. साध्या कंसाला तिथे अजून जागा नाही.

मॅटलॅबच्या ग्रंथालयाची घडण या मनाईने बदलली आहे, हेही लक्षात घेण्यासारखे. साइझ(म)(१) लिहिता येत नाही म्हणून साइझ(म,१) हे रूप अंगवळणी पडले. मॅक्सकडून स्थान हवे असेल तर [~, स्थान] = मॅक्स(क्ष) लिहायचे. नको असलेल्या उत्तराच्या जागी ही लाट टाकायची सोय आर२००९बीपासूनची. यात एक गोष्ट वेगळी ओळखावी लागते. फंक्शनने दिलेली अनेक उत्तरे म्हणजे अ‍ॅरेतले अनेक घटक नव्हेत. मॅटलॅबमध्ये किती उत्तरे मागितली आहेत हे फंक्शनला आतून कळते, आणि त्यानुसार ते कमी-जास्त काम करू शकते. ऑक्टेव्हने याच गरजेसाठी ‘एनटीएच-आर्गआउट’ नावाचे वेगळे फंक्शन दिले आहे.

ज्यांनी दार उघडे ठेवले

पायथनमध्ये हा प्रश्न कोणी विचारतही नाही. मूल्य देणारी कोणतीही पदावली घ्या, तिच्यापुढे चौकटी कंस लागतो. नमपाय हे अ‍ॅरेचे ग्रंथालय वापरणारे दिवसभर तेच करतात. पण तिथे दुसराच घोटाळा होतो. नमपायमध्ये एसव्हीडी(अ)[१] म्हटले की अ‍ॅरेतला घटक मिळत नाही. मिळतो तो तीन उत्तरांच्या ट्युपलमधला दुसरा अ‍ॅरे, म्हणजे सिंग्युलर मूल्यांचा. व्हेअर(अट)[०][०] या प्रसिद्ध जोडीत पहिला शून्य ट्युपलमधले उत्तर निवडतो आणि दुसरा अ‍ॅरेतला घटक. दिसायला दोन्ही कंस सारखे, काम निराळे. अट कुठेच खरी नसेल तर पहिला कंस निभावतो आणि दुसरा कोसळतो. नमपाय १.२५पासून एसव्हीडी, क्यूआर अशा फंक्शनांची उत्तरे नावाने घेता येतात, ती या गोंधळावरची चांगली मात्रा आहे.

आर ही भाषा बेल लॅब्जमधल्या एस भाषेची वारस. तिच्यात डिम(क्ष)[१] हा रोजच्या वापरातला प्रयोग. आरमध्ये चौकटी कंस हेच एक फंक्शन आहे. ते नावाने दुसऱ्या फंक्शनला सोपवता येते आणि यादीतल्या प्रत्येक अ‍ॅरेचा दुसरा घटक एका ओळीत काढता येतो. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएलमध्ये निकालाला इंडेक्स देता येतो, पण निकालाभोवती कंस घालावा लागतो. फ क्ष[२] असे लिहिले तर इंडेक्स आधी क्षला चिकटतो. आयव्हर्सन यांनीच रॉजर हुई यांच्यासह पुढे घडवलेल्या जे भाषेत इंडेक्ससाठी खास कंस उरलाच नाही. घटक उचलणे हे बेरीज-वजाबाकीसारखे एक क्रियापद झाले. मॅथेमॅटिकाने फंक्शनला एकेरी आणि इंडेक्सला दुहेरी चौकटी कंस देऊन वाद टाळला.

ज्युलियाने मॅटलॅबचा ‘एन्ड’ ठेवला आणि कंस वेगळे केले. फ(क्ष)[एन्ड] लिहिले की फ एकदाच चालते, निकाल आतल्या आत तात्पुरत्या नावावर ठेवला जातो, आणि मग शेवटचा घटक काढला जातो. मॅटलॅब प्रोग्रामरकडून जे दोन ओळींत लिहून घेतो, तेच ज्युलिया पडद्यामागे करते. तेव्हा व्याकरणाचा प्रश्न सुटलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

बिननावाचा अ‍ॅरे किती काळ जगतो

मालकीचा प्रश्न सी भाषेत सर्वांत आधी टोचतो. सीमध्ये फंक्शन अ‍ॅरे परत करूच शकत नाही, पॉइंटर करू शकते. फ(क्ष)[२] लिहिता येते, पण तो अ‍ॅरे फंक्शनच्या आतला स्थानिक असेल तर फंक्शन संपताच त्याची जागा सुटलेली असते आणि हाती येतो तो कचरा. स्ट्रक्चरच्या आत अ‍ॅरे घालून परत केला तर? सी ९०मध्ये अशा अ‍ॅरेला इंडेक्स लागत नसे. सी ९९ने लावू दिला. आणि सी ११ने ‘तात्पुरते आयुष्य’ ही संकल्पना आणून स्पष्ट केले की असा अ‍ॅरे ती पूर्ण पदावली संपेपर्यंत जगतो. एका कंसाचा अर्थ नीट नोंदवायला प्रमाणाच्या तीन आवृत्त्या लागल्या.

सी++मध्ये फ()[२] वाचून संख्या घेतली तर काही बिघडत नाही. त्याच घटकाचा संदर्भ जपून ठेवला तर पुढच्याच ओळीत तो संदर्भ मेलेल्या व्हेक्टरकडे बोट दाखवतो. फॉर लूपच्या डोक्यात फंक्शनची साखळी लिहिली की हाच सापळा अनेक वर्षे लागत होता. सी++२३ने तिथल्या तात्पुरत्या मूल्यांचे आयुष्य लूप संपेपर्यंत वाढवले. रस्टचा कंपायलर लटकते संदर्भ प्रोग्राम चालण्याआधीच अडवतो.

पायथनमध्ये असा मेलेला संदर्भ राहत नाही. तिथे दुखणे उलटे आहे: अ‍ॅरे मरतच नाही. नमपायमध्ये साधा स्लाइस घेतला की प्रत होत नाही, त्याच मेमरीकडे पाहणारी खिडकी मिळते. समजा, फंक्शन १०,००० ओळी आणि १०,००० स्तंभांचा दुहेरी अचूकतेचा अ‍ॅरे परत करते. त्याला लागतात ८० कोटी बाइट, म्हणजे ८०० मेगाबाइट. आपण फ(क्ष)[०] म्हणून पहिली ओळ तेवढी ठेवली. ती ८०,००० बाइटची. पण ती खिडकी असल्याने जोवर ती ओळ जिवंत तोवर मागचे ८०० मेगाबाइट सुटत नाहीत, आणि त्या मोठ्या अ‍ॅरेला नाव नसल्याने प्रोग्राम वाचून त्याचा पत्ता लागत नाही. फ(क्ष)[०]च्या शेवटी कॉपी() जोडले की मेमरी मोकळी होते. ज्युलियाने याउलट केले: स्लाइस घेतला की प्रत, आणि खिडकी हवी असेल तर तसे उघड लिहायचे.

बरोबर चिन्हाच्या डावीकडे

निकालातला घटक वाचण्याऐवजी बदलायचा असेल तर मालकीचा प्रश्न अधिक तीव्र होतो. नमपायमध्ये सलग साठवलेल्या अ या द्विमिती अ‍ॅरेवर अ.रॅव्हल()[२] = ५ लिहिले तर अ बदलतो. अ.फ्लॅटन()[२] = ५ लिहिले तर बदलत नाही, कारण फ्लॅटन नेहमी प्रत देते. आणि अ.टी.रॅव्हल()[२] = ५ लिहिले तर? ओळी-स्तंभ उलटल्यामुळे मेमरीतला क्रम जुळत नाही, रॅव्हलला प्रत करावी लागते, आणि ५ हा आकडा कोणालाही न कळता हरवतो. चूक दाखवली जात नाही, इशाराही येत नाही. डायगोनल या फंक्शनबाबत नमपायने सावध पवित्रा घेतला आहे. ते खिडकी देते, पण फक्त वाचण्यापुरती. त्यात लिहायला गेले की सरळ नकार मिळतो.

पायथनमधल्या पांडाज या तक्त्यांच्या ग्रंथालयात गाळलेल्या तक्त्याच्या स्तंभात मूल्य भरण्याची साखळी हे अशाच चुकांचे आगर होते. कधी मूळ तक्ता बदले, कधी बदलत नसे, आणि प्रतीत लिहिले जात असल्याचा प्रसिद्ध इशारा पडद्यावर येई. लिहिण्याच्या वेळीच प्रत करण्याची पद्धत स्वीकारून पांडाजने नियम एकसारखा केला: साखळीतून केलेला बदल मूळ तक्त्याला लागत नाही.

आरमध्ये मात्र नेम्स(क्ष)[२]ला डावीकडे ठेवून नवे नाव देता येते. हे जमते कारण आर ती ओळ उलगडते: नावे काढते, दुसरे बदलते, आणि ‘नावे बसवा’ या जोडीच्या फंक्शनने ती क्षला परत चढवते. म्हणजे निकालात लिहिण्याचा आभास आहे, खरे काम मूळ व्हेरिएबलवर होते. फोरट्रान २००८नेही पॉइंटर परत करणाऱ्या फंक्शनला डावीकडे बसू दिले. दोन्ही ठिकाणी बदल कुठे पोहोचतो हे भाषेने ठरवून टाकले आहे, आणि नमपायच्या रॅव्हलमध्ये नेमके तेच ठरलेले नाही.

एका आकड्याची किंमत

आता तिसरा प्रश्न. इनव्हर्स(अ)[०,०] ही ओळ पायथनमध्ये निर्दोष आहे. अ हा १,००० ओळी आणि तितक्याच स्तंभांचा असेल तर पूर्ण व्यस्त काढायला सुमारे २०० कोटी गणिती क्रिया लागतात, आणि त्यातून आलेल्या दहा लाख आकड्यांपैकी ९,९९,९९९ आपण फेकून देतो. आंघोळीचा बंब पेटवून कपभर चहा करावा तसा हा प्रकार. व्यस्ताचा पहिला स्तंभ म्हणजे एका समीकरणसंचाचे उत्तर असते. त्यासाठी एलयू विघटन पुरते. त्याला सुमारे ६७ कोटी क्रिया आणि वर उत्तर काढायला साधारण २० लाख. एक तृतीयांश खर्च, आणि अचूकताही सहसा अधिक. शिवाय ते विघटन नावाने जपून ठेवले तर पुढचा प्रत्येक स्तंभ वीस लाखांतच मिळतो.

असे दाखले जागोजाग सापडतात. सॉर्ट(क्ष)[क] हा क-व्या क्रमांकाचा आकडा देतो, पण सगळी यादी लावून. टोनी होअर यांनी १९६१मध्येच दाखवले की पूर्ण क्रम न लावता तो आकडा सरासरी यादीच्या लांबीच्या प्रमाणातल्या कामात मिळतो. नमपायचे ‘पार्टिशन’ हे फंक्शन त्याच कुळातले. एफएफटी(क्ष)[क] ही एका वारंवारतेची ताकद सांगते, पण सगळ्या वारंवारता काढून. जेराल्ड गर्टझेल यांची १९५८ची पद्धत हवी ती एकच वारंवारता काढते. फोनच्या बटणांचे सूर ओळखायला ती पुष्कळ वापरली गेली, कारण तिथे आठच वारंवारता तपासायच्या असतात. सिंग्युलर मूल्येच हवी असतील तर एसव्हीडी(अ)[१] लिहून दोन मोठी मॅट्रिक्स बनवून टाकून देण्याऐवजी नमपाय २.०मध्ये केवळ मूल्ये देणारे वेगळे फंक्शन आहे.

सर्वांत महाग चूक साधी दिसते. लूपमध्ये फ(क्ष)[आय] लिहिले की प्रत्येक फेरीत फ नव्याने चालते. क्ष हजार लांबीचा आणि फचे काम लांबीच्या प्रमाणात असेल, तर हजाराचे काम दहा लाखांवर जाते. कंपायलर ही हाक लूपबाहेर का काढत नाही? कारण फ फाइल वाचत असेल, यादृच्छिक संख्या देत असेल, कुठे काही मोजत असेल. असे काही नाही याची खात्री मिळाल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. फोरट्रान ९५ने ‘प्युअर’ हा शब्द आणला तो अशा खात्रीसाठीच. मॅटलॅबच्या मनाईचा इथे नकळत फायदा होतो. नाव द्यावेच लागते म्हणून ती ओळ सहसा लूपच्या वर लिहिली जाते.

भाषेने आळस केला तर

मागितले तेवढेच काढावे, ही कल्पना जुनी आहे. १९७० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रबंधात फिलिप एब्रम्स यांनी एपीएलसाठी असे यंत्र मांडले, की जे अ‍ॅरेवरच्या क्रिया लगेच न करता लांबवते आणि स्लाइस, उलटवणे यांसारख्या निवडी केवळ इंडेक्सच्या हिशेबात सामावून घेते. दोन अ‍ॅरेंच्या बेरजेतले पहिले तीन घटक मागितले तर तीनच बेरजा. सी++मधले आयगेन हे ग्रंथालय टेम्प्लेटच्या आधारे हेच करते: (अ+ब)(०,०) लिहिले की एकच बेरीज होते. पायथनमधले डास्क मोठ्या अ‍ॅरेचे तुकडे पाडून काम लांबवते आणि शेवटी ज्या तुकड्यांची गरज आहे तेवढेच हाती घेते. हॅस्केलमध्ये लावलेल्या यादीचा पहिला घटक मागितला तर उरलेली यादी लावलीच जात नाही.

पण या आळसाला मर्यादा आहे, आणि ती भाषेची नाही, गणिताची आहे. बेरजेतला एक घटक दोनच आकड्यांवर अवलंबून असतो, म्हणून तो एकटा काढता येतो. व्यस्तातला एक घटक मूळ मॅट्रिक्सच्या सगळ्या आकड्यांवर अवलंबून असतो. तिथे काम वाचवायचे तर दुसरी रीत लागते: विघटन, होअर यांची निवड, गर्टझेल यांची गाळणी. कंपायलर ती आपल्या मनाने शोधून काढत नाही. ‘मला एवढेच हवे आहे’ ही माहिती इंडेक्स देतो, पण फंक्शन संपल्यानंतर. ती कामी यायची तर आदान म्हणून आधीच द्यावी लागते. मॅटलॅबचे साइझ(म,१) किंवा मोजकीच आयगेनमूल्ये काढणारे ‘आइग्ज’ हे तेच करतात. चांगल्या संख्यात्मक ग्रंथालयाची पारख इथे होते: त्यात मोठ्या प्रश्नांच्या शेजारी छोटे प्रश्न विचारायची सोय किती आहे?

मग कसे लिहावे

थेट इंडेक्सिंगला परवानगी असावी, हे या सगळ्यातून स्पष्ट दिसते. एडा, ऑक्टेव्ह आणि ज्युलिया यांनी तीन वेगळ्या वाटांनी दाखवले की व्याकरण आडवे येत नाही. मनाईने चुकांना आळा बसतो हा युक्तिवाद लूपपुरता खरा, पण त्यापायी साध्या डिम(क्ष)[१]लाही दोन ओळी आणि एक निरुपयोगी नाव खर्चावे लागते, आणि निरुपयोगी नावांची गर्दीही प्रोग्राम वाचणाऱ्याला जाचते.

परवानगी आहे तिथे मात्र चार गोष्टी पाहाव्यात. तोच निकाल दुसऱ्यांदा लागणार असेल तर त्याला नाव द्यावे. मोठ्या निकालातला तुकडा दीर्घकाळ जपायचा असेल तर त्याची प्रत करावी. डावीकडे साखळी लिहिण्याआधी हाती खिडकी आहे की प्रत, हे त्या फंक्शनच्या माहितीपत्रात वाचावे. आणि निकालातला फारच थोडा भाग वापरायचा असेल, तर तेवढाच भाग काढणारी रीत आधी शोधावी. लहान अ‍ॅरे असेल, ओळ एकदाच चालणार असेल, तर यांतल्या कशाचीच फिकीर न करता कंसापुढे कंस लिहावा. तपासणीला दुसऱ्याचा प्रोग्राम आला, तर अशा ओळीत कंस कोणता आहे हे पाहण्याआधी डावीकडचे फंक्शन किती मोठे काम करते ते पाहावे.